मल्लवीर कै. खाशाबा जाधव

इंदूर नगरीस कुस्तीचे कौतुक नवे नाही. होळकरांच्या राजवटीत येथे मल्लविद्येस आश्रय मिळाला आणि राजवट संपल्यावरही शहरातील आखाडे टिकून राहिले. पहाटे अंगास माती लावून जोर-बैठका काढणारी मुले आजही येथे आढळतात. अशा शहरातील विद्यार्थ्यांस खाशाबा जाधव हे नाव परिचयाचे असावयास हवे. तथापि आमचा अनुभव असा की, पुष्कळांस ते सामान्यज्ञानाच्या पुस्तकातील एका ओळीपुरतेच ठाऊक असते. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा मल्ल, हेलसिंकी, १९५२, एवढीच ती ओळ. ती खरी आहे. परंतु त्या पदकासाठी किती जणांचा पैसा आणि विश्वास खर्ची पडला, आणि एका सद्गृहस्थाचे राहते घर कसे गहाण पडले, हे तीत येत नाही. ते आमच्या विद्यार्थ्यांस कळावे म्हणून हा चरित्रपरिचय लिहीत आहोत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडनजीकच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. कृष्णा आणि कोयना या नद्यांचा संगम ज्या कराडास होतो, त्याच्या आसपासचा हा मुलूख शेतीचा आणि कुस्तीचा. गावोगाव तालमी, जत्रेत कुस्त्यांचे फड, आणि जिंकलेल्या मल्लास नारळापासून रोख इनामापर्यंत काही ना काही देण्याची रीत. खाशाबांचे वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले मल्ल होते. पाच भावांत खाशाबा धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांस कुस्तीचे धडे देण्यास आरंभ केला. घरची स्थिती शेतकरी कुटुंबाची. पण तालमीस जाणाऱ्या मुलाच्या खुराकास काही कमी पडू नये, ही काळजी अशा घरांतून घेतली जात असे.

त्यांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. शाळेत असतानाच १९४२ ची चळवळ सुरू झाली. सातारा जिल्हा हा त्या चळवळीचा बालेकिल्ला होता. तेथेच पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहिले. सोळा-सतरा वर्षांच्या खाशाबांनीही या कार्यात आपला वाटा उचलला. भूमिगत कार्यकर्त्यांस लपण्यासाठी जागा मिळवून देणे, सरकारविरोधी पत्रे इकडून तिकडे पोहोचविणे, अशी जोखमीची कामे त्यांनी केली. ज्या देशाचे नाव छातीवर घेऊन ते पुढे परदेशी लढणार होते, त्या देशासाठी ते प्रथम असे लढले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हायस्कुलाचे शिक्षण संपवून ते कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे मल्लांची राजधानी. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे बांधविलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले आणि उत्तरेकडील, पंजाबातील थोरथोर पैलवान तेथे लढण्यास येऊ लागले. अशा नगरीत उंचीने ठेंगण्या, अंगाने सडपातळ अशा खाशाबांकडे प्रथम कोणाचे लक्ष जाणार? महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत त्यांचे नाव घेण्यास क्रीडाशिक्षक राजी नव्हते, असे सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले आणि त्यांनी परवानगी मिळविली. मग त्यांनी आपल्याहून थोराड मल्लांस एकामागून एक आसमान दाखविले. बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची विद्या अधिक कसदार झाली. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळून त्यास फेकावयाचा ‘ढाक’ हा डाव त्यांच्या विशेष आवडीचा होता. शक्तीपेक्षा चपळाई आणि डोके यांवर त्यांची भिस्त अधिक.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. महायुद्धामुळे १९४० व १९४४ चे सामने झालेच नव्हते. म्हणून बारा वर्षांनी हा योग आला होता, आणि स्वतंत्र भारताचे पथक प्रथमच आपल्या ध्वजाखाली संचलन करणार होते. खाशाबांची निवड झाली. प्रवासाच्या खर्चाची तजवीज कोल्हापूरच्या महाराजांनी केली. बावीस वर्षांचा हा तरुण लंडनला पोहोचला, तेव्हा त्याच्यापुढे एक अडचण उभी राहिली. तिचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः आखाड्यात जाणाऱ्यांनी, नीट करावा.

आपली कुस्ती तांबड्या मातीतली. तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीस लागली की कुस्ती निकाली. माती पायाखाली धरून ठेवते, अंगास चिकटते, हाताची पकड पक्की होते. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर. तेथे पाय निसटतो, पकड सुटते. शिवाय पाठ लागली नाही तरी पंच आपला कौल देतात आणि त्यावर हारजीत ठरते. ठराविक मिनिटांत कोणी किती वेळा वरचढ ठरला, याचा हिशेब ठेवावा लागतो. मातीत वाढलेल्या मल्लास हे सारे नवे. लंडनमध्ये रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी मल्लाने त्यांस या कुस्तीचे शिक्षण दिले. ५२ किलो वजनाच्या गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांस हरविले. पुढे इराणच्या मल्लाकडून त्यांस हार पत्करावी लागली आणि ते सहाव्या क्रमांकावर राहिले. गादीची ओळखही नसलेल्या तरुणास ही कामगिरी लहान नव्हती.

याच लंडनच्या सामन्यांत भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, आणि त्या विजयी संघाचे कर्णधार होते आपल्या शेजारच्या महूचे किशनलाल. १२ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात ब्रिटनचा ४-० असा पराभव केला. इंदूरकरांस त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एक भेद येथे लक्षात घ्यावा. हॉकीच्या पाठीशी तीन ऑलिंपिकविजयांची परंपरा होती. देशभर संघ होते, संघटना होती. कुस्तीच्या एकट्या मल्लामागे असे काही नव्हते. त्याचे गाव, त्याचे वस्ताद आणि फार तर एखादा उदार आश्रयदाता, एवढेच त्याचे बळ.

लंडनहून परतल्यावर खाशाबांनी हेलसिंकी हे ध्येय ठेवले. फिनलंडच्या त्या राजधानीत १९५२ चे सामने होणार होते. चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. ५२ किलोचा गट सोडून ५७ किलोच्या गटात उतरावयाचे ठरविले. वरच्या वजनात जाणे म्हणजे अधिक बलवान प्रतिस्पर्ध्यांस तोंड देणे. त्यासाठी शरीर आणि डाव दोन्ही नव्याने घडवावे लागतात.

मेहनत झाली, पण वाट सरळ नव्हती. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांस एका गुणाने मागे टाकण्यात आले. हा निर्णय पक्षपाताचा आहे, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी आदळआपट केली नाही आणि गप्पही बसले नाहीत. पतियाळाचे महाराज हे त्या काळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते व कुस्तीचे चाहते होते. त्यांच्याकडे खाशाबांनी दाद मागितली. पुन्हा लढत ठरली. तीत त्यांनी प्रतिस्पर्ध्यास लोळविले आणि हेलसिंकीच्या पथकात आपली जागा मिळविली.

आता प्रश्न उरला पैशाचा. १९४८ साली खर्च उचलणारे कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले होते. खाशाबांनी सरकारदरबारी विनवण्या केल्या. पण गरज भागेल एवढे साह्य वेळेवर हाती आले नाही. तेव्हा त्यांनी व त्यांच्या आप्तेष्टांनी झोळी पुढे केली. गोळेश्वरच्या शेतकऱ्यांनी, कराडच्या दुकानदारांनी, ओळखीच्या व अनोळखी माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. तरीही मोठी रक्कम कमी पडत होती. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि ते आपल्या या माजी विद्यार्थ्याच्या हाती ठेवले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. त्या काळचे सात हजार रुपये म्हणजे पगारदार मनुष्याची वर्षांची कमाई. खर्डेकर हे काही धनिक सावकार नव्हते. ते शिक्षक होते. खाशाबा जिंकतील, याची शाश्वती त्यांस कोणी दिली नव्हती. चार वर्षांपूर्वी हा मुलगा सहावा आला होता, एवढेच हाती होते. तो पहिल्याच फेरीत हरून परतला असता तर घर परत कसे सुटले असते, हा विचार त्यांच्या मनास शिवला नसेल, असे आम्हांस वाटत नाही. तो विचार शिवूनही त्यांनी कागदावर सही केली. शिक्षकी पेशातील आम्हां मंडळींस या एका कृत्यापुढे मान लववाविशी वाटते.

हेलसिंकीस खाशाबांनी कॅनडाच्या पोलिकिनला आणि मेक्सिकोच्या बासुर्तोला चीत केले. जर्मनीच्या श्मिट्झवरही विजय मिळविला. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी याच्याशी. ही कुस्ती पंधरा मिनिटे चालली आणि अगदी थोडक्या फरकाने खाशाबा हरले. हाच इशी पुढे या गटात सुवर्णपदकाचा मानकरी झाला. त्या सामन्यांत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक होते.

यानंतर जे घडले, ते आजवर अनेकांस सलत आले आहे. इशीबरोबरच्या दमछाक करणाऱ्या झुंजीनंतर खाशाबांस लागलीच सोव्हिएत रशियाच्या मामेदबेकोव्हशी लढण्यास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांच्या दरम्यान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, असे सांगतात. परंतु त्या नियमाकडे बोट दाखवून मल्लाची बाजू मांडण्यास भारतीय पथकातील कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा गादीवर उतरले आणि हरले. मामेदबेकोव्हला रौप्यपदक मिळाले, खाशाबांस कांस्यपदक. विश्रांती मिळाली असती तर काय झाले असते, हे सांगणे कोणाच्याही हाती नाही. तेथे नियम जाणणारा एक मनुष्य असावयास हवा होता, एवढे मात्र निश्चित. गोळेश्वरच्या वर्गणीने आणि खर्डेकरांच्या घराने मल्लास हेलसिंकीच्या गादीपर्यंत पोहोचविले होते. पुढची दोन पावले त्याच्यासोबत चालणे, हे पथकाचे काम होते.

कांस्यपदकाचा तो दिवस २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सचा ६-१ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. बलबीरसिंगांच्या पाच गोलांनी तो सामना गाजला आणि त्या जयघोषात खाशाबांचे पदक काहीसे झाकले गेले. त्याच सामन्यांत कोल्हापूरकडचे त्यांचे सहकारी के. डी. माणगावे हे ६२ किलो गटात चौथे आले. त्यांचे पदक एका क्रमांकाने हुकले. त्यांचे नाव तर आज फारच थोड्यांस आठवते.

देशात इतरत्र काही असो, कराडकर मात्र विसरले नाहीत. खाशाबा परतले तेव्हा त्यांच्या स्वागतास शंभराहून अधिक बैलगाड्या जुंपून लोक स्थानकावर आले. ढोल-लेझीम, गुलाल, ओवाळणाऱ्या सुवासिनी, असा तो सोहळा. जी वाट एरवी पाव तासात सरावयाची, ती चालावयास मिरवणुकीस सात तास लागले, असे सांगतात. हे स्वागत करणारे लोक नुसते बघे नव्हते. त्यांतील कित्येकांनी आपल्या कनवटीचा पैसा या प्रवासासाठी दिला होता. पदकात आपला वाटा आहे, हे त्यांस ठाऊक होते.

मिरवणूक संपली, आणि खाशाबांनी प्रथम कोणते काम हाती घेतले? त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः त्यांत उतरले, जिंकले, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवून दिले. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा विजय तो हाच. ऑलिंपिकचे पदक गळ्यात असता त्या मोठेपणाच्या भरात देणे विसरून जाणे सोपे होते. आणि खर्डेकरांनीही कदाचित तगादा लावला नसता. पण ज्याने विश्वास टाकला त्याचे छप्पर आधी मोकळे करावे, मग आपल्या सुखाचे पाहावे, हा खाशाबांचा न्याय होता.

१९५५ साली ते पोलीस दलात फौजदार म्हणून दाखल झाले. पोलिसांच्या स्पर्धांत त्यांनी यश मिळविले व क्रीडाशिक्षक म्हणूनही काम केले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचा योग मात्र आला नाही. सुमारे सत्तावीस वर्षे सेवा करून ते सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांस झगडावे लागले. उतारवयातील दिवस तंगीचे गेले. ज्याने आपले ऋण पै न् पै फेडले, त्याचे ऋण फेडण्यास समाजास उशीर झाला, असे कष्टाने म्हणावे लागते. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा ज्योतवाहकांत त्यांस मान देण्यात आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

मोठे सन्मान आले ते त्यांच्या पश्चात. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर देण्यात आला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहास त्यांचे नाव देण्यात आले. त्यांनी जे केले ते किती कठीण होते, याची कल्पना पुढील सालांवरून येईल. त्यांच्यानंतर भारतीयास ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली. ते टेनिसपटू लिअँडर पेस यांनी १९९६ साली अटलांटा येथे मिळविले. कुस्तीतील पुढचे पदक ५६ वर्षांनी, २००८ मध्ये, सुशीलकुमार यांनी बीजिंगला जिंकले. आणि महाराष्ट्राच्या सुपुत्रास पुन्हा वैयक्तिक पदक मिळण्यास ७२ वर्षे वाट पाहावी लागली. २०२४ साली पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक जिंकणारे स्वप्नील कुसळे हे कोल्हापूर जिल्ह्याचे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी कुस्तीत, कोणी खो-खोत, कोणी विद्याभ्यासात मोठे होण्याचे स्वप्न पाहत असेल. ते अवश्य पाहावे. मात्र तुमच्या स्वप्नाचा खर्च कोणीतरी उचलीत असते, याचा विसर पडू देऊ नये. कोणाच्या आईने दागिना मोडलेला असतो, कोणाच्या वडिलांनी कर्ज काढलेले असते, कोणा शिक्षकाने आपला वेळ दिलेला असतो. यश मिळाले तर प्रथम त्यांच्याकडे जावे. न मिळाले तरी त्यांच्यापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही, फक्त मेहनतीत कसूर झालेली नसावी. आणि पुढे तुमच्यापैकी जे अधिकारपदावर बसतील, त्यांनी हेलसिंकीच्या गादीजवळची ती रिकामी जागा आठवावी.

गोळेश्वरला खाशाबांचे घर आहे. त्याचे नाव ‘ऑलिंपिक निवास’. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी सुटीत त्या बाजूस गेला, तर त्याने ते पाहून यावे, आणि ते पाहताना कोल्हापुरातील त्या दुसऱ्या, गहाण पडून सुटलेल्या घराचीही आठवण ठेवावी.